वकिलाची माणुसकी दिसते कुठे?

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला जामीन दिला, आणि तरीही तो तुरुंगातच राहिला. किती रकमेवर सोडायचं ते ठरवणं मॅजिस्ट्रेटकडे होतं. त्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. मोतीरामचा भाऊ उभा राहायला तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तोही नाकारला गेला. प्रकरण पुन्हा दिल्लीला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं, आणि परजिल्ह्यातला जामीनदार चालत नाही हे कुठल्या कायद्यात बसतं, असा खडा सवाल केला.

वकिली आणि करुणा हे दोन शब्द एकत्र आले की बहुतेकांना हसू येतं. कोर्टाची पायरी चढू नये असं सांगणारी म्हण आपल्याकडे काही उगाच रुजलेली नाही. काही वकीलही मनातल्या मनात म्हणतात की दया दाखवायला बसलो तर केस हरू. मला हा वादच चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. कोर्टात माणूस निकालानं दुखावतो तेवढाच, किंबहुना त्याहून जास्त, निकालाच्या आधी दुखावतो. काय चाललंय ते कळत नाही, बोलायला गेलं तर अपमान होतो, एका कागदासाठी सगळं अडतं, आणि वाट पाहणं तर संपतच नाही. यातलं बरंचसं वकिलाच्या रोजच्या कामात कमी करता येतं. त्यासाठी मोठं मन असलंच पाहिजे असंही नाही, कामाची पद्धत लागते. आणि गंमत अशी की त्या पद्धतीचा बराच भाग आपल्या कायद्यात आधीच लिहून ठेवलेला आहे.

जामीन मिळणं आणि सुटणं

जामीन म्हणजे नक्की काय, ते आधी बघू. कोर्ट आरोपीला सांगतं की खटला चालेपर्यंत तू बाहेर राहा, पण बोलावलं की यायचं. येण्याची हमी दोन प्रकारे घेतात. आरोपी स्वतःच लिहून देतो की न आल्यास अमुक रक्कम भरीन, तो जातमुचलका. किंवा दुसरं कुणी त्याच्यासाठी हमी घेतं, तो जामीनदार. जामीनदार आला की त्याची ऐपत तपासली जाते. सातबारा आणा, घरपट्टीची पावती आणा, रेशनकार्ड, आधार, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला.

आता पुण्याच्या एखाद्या बांधकामावर काम करणारा, मूळचा नांदेडचा किंवा बिहारचा मजूर डोळ्यांसमोर आणा. त्याला जामीन मंजूर झालाय. त्याच्या ओळखीत सातबारा असलेला माणूस चारशे किंवा दोन हजार किलोमीटरवर आहे. त्यानं मजुरी बुडवून यायचं, भाडं खर्चायचं, आणि त्याचे कागद इथे चालतीलच याची खात्री नाही. अशी माणसं मंजूर झालेला जामीन खिशात घेऊन महिनोन् महिने आत बसलेली असतात. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे. चारात तीन.

सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ला यावर बारीकसारीक सूचना दिल्या, आणि त्या वाचण्यासारख्या आहेत, कारण त्यांत भावनेचा एक शब्द नाही. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला पाठवायची. सात दिवसांत तो सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत वकील पुरवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, सचिवांना कळवायचं, आणि त्यांनी कैद्याशी बोलायला, त्याला मदत करायला माणूस पाठवायचा. बाहेर आल्यावर जामीनदार आणतो असं कैदी म्हणाला तर काही दिवसांचा तात्पुरता जामीन देण्याचा विचार कोर्टानं करायचा. महिन्याभरात हमी भरली गेली नाही तर कोर्टानं आपणहून प्रकरण काढून अटी जड होतायत का ते बघायचं. स्थानिकच जामीनदार हवा, हा हट्ट सुटकेला उशीर होण्याचं एक कारण आहे, तशी अट घालू नये. मोतीरामनंतर ४५ वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा लिहावी लागली.

मग वकिलानं काय करायचं? जामीन अर्जाच्या शेवटी 'योग्य त्या अटींवर मुक्त करावे' असं एक ठरीव वाक्य असतं. घाईत तेच टंकून अर्ज दाखल होतो. त्याऐवजी अशिलाला विचारून चार ओळी घालता येतात: अर्जदार रोजंदारीवर काम करतो, महिन्याला साधारण इतके मिळतात, घरात अमुक माणसं आहेत, या शहरात त्याचे नातेवाईक नाहीत, म्हणून जातमुचलक्यावर सोडावं किंवा जामीनदार आणायला मुदत द्यावी. हे विचारायला फार तर दहा मिनिटं लागतात. न्यायाधीशासमोर बोर्डावर शंभर प्रकरणं असतील तर त्याला ही माहिती दुसरं कोण देणार?

आणि आदेश झाला म्हणजे काम झालं, असं समजायचं नाही. आदेशाचा कागद तुरुंगापर्यंत पोचावा लागतो. मुंबईच्या ऑर्थर रोड तुरुंगाबाहेर यासाठी एक पेटी आहे. ठरलेल्या वेळेआधी सुटकेचा कागद तिच्यात पडला नाही तर कैद्याची आणखी एक रात्र आत. २०२१च्या जुलैमध्ये आग्र्याच्या तुरुंगातल्या १३ जणांना जामीन मिळूनही दिवसचे दिवस सोडलं गेलं नाही, तेव्हा सरन्यायाधीश रमणा यांनी विचारलं होतं की डिजिटल युगात आपण अजून कबुतरांची वाट बघत आभाळाकडे पाहतोय का. पुढच्या वर्षी, ३१ मार्चला, आदेश थेट संगणकावरून तुरुंगाकडे पाठवणारी 'फास्टर' ही यंत्रणा सुरू झाली. तरी खालच्या कोर्टात, संध्याकाळी साडेचारला, कागदामागे धावणारा ज्युनिअरच बऱ्याचदा खरा 'फास्टर' असतो.

नव्या फौजदारी संहितेचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ४७९ही माहीत असू द्या. ती १ जुलै २०२४पासून लागू आहे. गुन्ह्याला जितकी जास्तीत जास्त शिक्षा सांगितली आहे तिच्या निम्मा काळ आरोपीनं निकालाआधीच तुरुंगात काढला असेल तर त्याला सोडण्याचा विचार व्हायला हवा. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला एक तृतीयांश काळ पुरे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेले आहेत, आणि अनेक गुन्हे अंगावर असतील तर वेगळा नियम आहे. पण अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर टाकलेली आहे, हे विशेष.

ही सगळी वाट एका वकीलबाईंपर्यंत मागे जाते. १९७९मध्ये के. एफ. रुस्तमजी या पोलीस अधिकाऱ्यानं बिहारच्या तुरुंगांबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं. काही कैदी त्यांच्या गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त वर्षं नुसते खटल्याची वाट बघत आत होते. लाखोंनी ते वाचलं असेल. कपिला हिंगोराणी यांनी ते वाचून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. हुसैनारा खातून खटला तो हाच. हजारो कच्चे कैदी सुटले, आणि वेगानं न्याय मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरला. बातमी वाचून हळहळणं सगळ्यांना जमतं. वकिलाकडे हळहळीचा अर्ज करण्याचं कसब असतं, एवढाच काय तो फरक.

'काय झालं आज?'

तालुक्याच्या कोर्टात दुपारी दीडच्या सुमारास व्हरांड्यात उभं राहिलात तर एक दृश्य हमखास दिसेल. वाटपाच्या दाव्यातली म्हातारी बाई, पिशवीत कागद, डब्याला हातही लावलेला नाही. सकाळी अकरापासून पुकाऱ्याकडे कान. नाव पुकारलं, ती आत गेली, वकीलसाहेब काहीतरी म्हणाले, न्यायाधीशांनी मान हलवली, शिरस्तेदारांनी लिहिलं, आणि वीस सेकंदांत ती बाहेर. साहेब दुसऱ्या कोर्टाकडे निघालेले. ती मागून विचारते, 'काय झालं आज?' उत्तर येतं, 'तारीख पडली. या पुढच्या महिन्यात.'

चुकीचं काहीच नाही त्यात. तारीख पडलीच होती. पण बाईच्या डोक्यात आता काय चालेल? दीर कोर्टाला फितवतोय का? माझे वकील त्यांच्यात गेले का? मी काही चुकीचं बोलले का? ती घरी जाईपर्यंत या शंकांचं सत्य झालेलं असतं.

आता हेच दोन मिनिटांत कसं सांगता येईल ते बघा. 'मावशी, दाव्याच्या पायऱ्या असतात. आपण दावा टाकला, दिरांना समन्स गेलं, त्यांनी कैफियत, म्हणजे त्यांचं म्हणणं दिलं. आता कोर्ट मुद्दे काढेल, म्हणजे भांडण नक्की कशावर आहे ते लिहून काढेल. आज ते होणार होतं, पण साहेबांकडे दुसरा खटला लांबला. तुमची काही चूक नाही. पुढच्या तारखेला तुम्ही आला नाहीत तरी चालेल. साक्षीला बोलवीन तेव्हा मात्र यायलाच हवं.' शेवटची दोन वाक्यं सगळ्यांत मोलाची. एका फेरीचं एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी वाचते.

फोन वापरणाऱ्या अशिलाला सीएनआर क्रमांक लिहून द्यावा. प्रत्येक प्रकरणाला तो सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, आणि ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख, आजवरचे आदेश सगळं दिसतं. काही वकील तो देत नाहीत. अशील आपल्यावर नजर ठेवेल याची धास्ती असते, असं माझं निरीक्षण आहे. ठेवू दे की!

फौजदारी प्रकरणात फिर्यादीलाही असंच अंधारात ठेवलं जातं. नव्या संहितेनं पोलिसांवर बंधन घातलंय की तपास कुठवर आला ते ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं. हे कळवलं गेलं नसेल तर वकिलाचं एक साधं पत्र पुरतं.

न कळण्याचा दोष फक्त वकिलांच्या पदरात टाकून चालणार नाही. निकालपत्रांची भाषा हाही मोठा गुंता आहे. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायमूर्तींनाच तो उलगडेना. वाचून कपाळाला बाम लावावा लागला, असं एक न्यायमूर्ती सुनावणीत म्हणाल्याच्या बातम्या आल्या होत्या. २०२२च्या ऑगस्टमध्ये त्याच प्रकरणात न्यायालयानं निकाल कसा लिहावा यावर सविस्तर लिहिलं: परिच्छेदांना क्रमांक द्या, निकाल ज्याच्याबद्दल आहे त्याला तो कळू द्या, आणि पानांवर नको तिथे वॉटरमार्क, म्हणजे मजकुरामागची फिकट छाप, टाकू नका, कारण अंध व्यक्तींच्या वाचक-यंत्राला ते वाचता येत नाही. ही शेवटची सूचना मला फार आवडते. निकाल कुणाकुणाच्या हातात पडणार याचा विचार केल्याशिवाय ती सुचत नाही.

उलटतपास

इथे प्रश्न खरोखर अवघड आहे. आरोपीवर खोटा आळ असू शकतो, आणि तो उघडा पाडायचं वकिलाकडे एकच हत्यार असतं, ते म्हणजे उलटतपास. साक्षीदाराला प्रश्न विचारूच नका असं म्हणणं म्हणजे आरोपीवर अन्याय. तेव्हा करुणेच्या नावाखाली उलटतपास बोथट करायचा नाही, हे आधी मान्य करू.

पण कायद्यानं सीमा कधीच आखलेली आहे. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात कलम १५१ आणि १५२ होती. वादाच्या मुद्द्याशी थेट संबंध नसलेले अश्लील, बदनामीकारक प्रश्न कोर्टानं थांबवावेत, आणि केवळ अपमान करण्यासाठी किंवा छळण्यासाठी विचारलेले प्रश्नही. नव्या साक्ष अधिनियमातही त्या तरतुदी कायम आहेत. दीडशे वर्षं नियम पुस्तकात आहे. हरकत घ्यायला समोरचा वकील उभा राहतो का, आणि न्यायाधीश तोंड उघडतात का, यावर बाईची साक्ष माणुसकीनं होते की नाही ते ठरतं.

मुलांच्या बाबतीत कायदा पुढे गेला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम ३३नुसार वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाही. तो प्रश्न न्यायाधीशांना देतो, आणि न्यायाधीश मुलाला विचारतात. मधे मधे विश्रांती द्यायची, विश्वासातलं माणूस जवळ बसू द्यायचं, पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही, चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे प्रश्न चालू द्यायचे नाहीत. कलम ३६ सांगतं की साक्ष देताना मुलाला आरोपी दिसता कामा नये. मात्र आरोपीला साक्ष ऐकू आली पाहिजे, आणि त्याला आपल्या वकिलाशी बोलता आलं पाहिजे. दोन्ही बाजूंची काळजी एकाच कलमात घेतलेली आहे, म्हणून मला ते चांगल्या मसुद्याचा नमुना वाटतं.

यासाठी जागाही वेगळी लागते. ११ जानेवारी २०२२ला, महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्हा न्यायालयात असुरक्षित साक्षीदारांसाठी निदान एक कायमचं साक्ष केंद्र उभारायला सांगितलं. असुरक्षित म्हणजे फक्त लहान मुलं नव्हेत. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेली कुठल्याही वयाची व्यक्ती, स्त्री असो वा पुरुष, मानसिक आजार असलेले, मूकबधिर आणि इतर अपंग, जिवाला धोका असलेले साक्षीदार, सगळे त्यात येतात. अशा केंद्रात शक्यतो येण्याची वाट निराळी असते, म्हणजे आरोपीचे नातेवाईक जिन्यात भेटत नाहीत. थांबायची खोली वेगळी, साक्षीची वेगळी, आणि मधे पडदा किंवा कॅमेरा.

खोली बांधली तरी प्रश्न वकिलालाच तयार करावे लागतात. आपल्याकडे जबानीत एक साचा चालतो: 'हे म्हणणे खरे नाही की, मी त्या दिवशी दुकानात गेले नव्हते.' मोठ्या माणसालाही हे दोनदा वाचावं लागतं. आठ वर्षांच्या मुलीला कुणी 'त्या दिवशी तू दुकानात गेली नव्हतीस हे खोटं आहे, बरोबर ना?' असं विचारलं तर ती हो म्हणाली काय आणि नाही म्हणाली काय, त्या उत्तरातून काहीच सिद्ध होत नाही. 'त्या दिवशी तू दुकानात गेली होतीस का?' 'दुकानात आणखी कोण होतं?' असे छोटे, सरळ प्रश्न मुलीला सोपे जातात, आणि खोटं असेल तर तेही सरळ प्रश्नांतच लवकर पकडलं जातं. आरोपीच्या वकिलाचा यात तोटा काहीच नाही.

दयेची नको ती रूपं

३० जुलै २०२०ला मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं शेजारणीच्या विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली: राखीपौर्णिमेला बायकोसह फिर्यादीच्या घरी मिठाई घेऊन जा, राखी बांधायची विनंती कर, तिचं रक्षण करायचं वचन दे, ओवाळणी म्हणून ११,००० रुपये दे. तिच्या मुलाला कपड्यांसाठी आणि मिठाईसाठी ५,००० रुपये वेगळे. लिहिणाऱ्याला यात गोडवा दिसला असावा. ज्या माणसाविरुद्ध तिनं तक्रार केली त्यालाच कोर्टाच्या आदेशानं तिच्या उंबरठ्यावर पाठवलं जातंय, हे मात्र दिसलं नाही. नऊ महिला वकील याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १८ मार्च २०२१ला न्यायमूर्ती खानविलकर आणि रवींद्र भट यांनी ती अट रद्द केली, आणि असे आदेश, असे शेरे कुठेच नकोत म्हणून सगळ्या कोर्टांना मार्गदर्शन केलं.

याचंच घरगुती रूप म्हणजे 'बाई, सांभाळून घे'. मार खाऊन आलेल्या बाईला आधी तडजोडीचा सल्ला द्यायचा, लेकरांकडे बघ म्हणायचं. सल्ला देणारा मनानं चांगलाही असतो. पण कुणाच्या दुःखाची आपल्याला घाई झाली की आपण त्यावर पटकन झाकण घालतो. वकिलानं आधी विचारायचं ते एवढंच: आज रात्री तू कुठे राहणार आहेस? तिथे सुरक्षित आहेस का? तडजोड, पोटगी, घटस्फोट यावर नंतर बोलता येतं. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार किंवा ॲसिड हल्ल्याला बळी पडलेल्यांसाठी महाराष्ट्रात २०१३पासून मनोधैर्य योजना आहे. पैसे आणि समुपदेशन दोन्ही त्यातून मिळू शकतं, पण योजना आहे हे सांगणारं कुणीतरी लागतं.

तडजोड, आणि तिच्या आधीची नोटीस

जिथे दोन्ही पक्ष बरोबरीचे आहेत तिथे तडजोडीसारखं औषध नाही. तरुण मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला यांच्या दाव्याच्या कामासाठी गेले होते. समोरचा पक्ष तय्यब शेठ, दोघे नातेवाईकच. खटला वर्षानुवर्षं चालला तर दोघंही वकिलांच्या फीत बुडतील हे दिसल्यावर गांधींनी प्रकरण लवादाकडे न्यायला लावलं. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूनं लागला, सुमारे ३७,००० पौंड. इथे दुसरा वकील हात झटकून मोकळा झाला असता. पण एवढी रक्कम एकदम भरायची तर तय्यब शेठचं दिवाळं वाजलं असतं, आणि त्या व्यापाऱ्यांत दिवाळखोरी मरणाहून वाईट मानली जाई. गांधींनी जिंकलेल्या आपल्याच अशिलाला लांब मुदतीचे हप्ते घ्यायला राजी केलं. लवादाला राजी करण्यापेक्षा हे जास्त कठीण गेलं, असं त्यांनीच नोंदवून ठेवलंय.

आज त्याला कायद्याची चौकट आहे. दावा कोर्टाबाहेर मिटवायला पाठवणारं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९, लोकअदालत, २०२३चा मध्यस्थी कायदा. लोकअदालतीत दावा मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. कौटुंबिक न्यायालयात तर शक्य तिथे समेटाचा प्रयत्न करणं हे कोर्टाचंच कर्तव्य मानलेलं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९९०मध्ये स्टुअर्ट वेब या घटस्फोटाच्या वकिलानं आणखी एक युक्ती काढली. दोन्ही वकील सुरुवातीलाच लिहून देतात की बोलणी फिसकटून प्रकरण कोर्टात गेलं तर आम्ही दोघंही यातून बाहेर पडू. भांडण वाढवून कुणाचीच फी वाढत नाही, त्यामुळे दोघंही मन लावून मिटवायला बसतात. आपल्याकडे ही रीत फारशी रुळलेली नाही, पण विचार करण्याजोगी आहे.

तडजोडीचं दार बहुतेक वेळा पहिल्या नोटिशीतच बंद होतं, हे मात्र बोललं जात नाही. घटस्फोटाच्या नोटिशींचे तयार मसुदे फिरत असतात. नाव बदललं की झालं: सासू छळते, नवरा व्यसनी, बायको वेडसर, तिचं चालचलन संशयास्पद. यातलं अर्धं अशिलानं सांगितलेलंच नसतं, 'असू द्या, नंतर उपयोगी पडेल' म्हणून घातलेलं असतं. समोरचा ते वाचतो, आणि जो समेटाला तयार होता तोही चवताळतो. शिवाय हे कागद रेकॉर्डवर राहतात. त्या जोडप्याचं मूल उद्या मोठं होऊन ते वाचू शकतं. वकिलांवर देखरेख करणाऱ्या बार कौन्सिलचे नियम स्पष्ट सांगतात की वकील म्हणजे अशिलाचा नुसता भोंगा नव्हे. पत्रव्यवहारात संयमी भाषा वापरावी, दाव्याच्या कागदांत बेताल आरोप टाळावेत, अशिलाला गैरमार्गापासून आवरायचा प्रयत्न करावा. त्याच नियमांत अशिलाचं हित निर्भयपणे जपायलाही सांगितलंय. दोन्ही एकत्र जमवणं हेच तर वकिलीचं कसब.

ज्याला वकील परवडत नाही, आणि ज्या वकिलाला वकिली

राज्यघटनेत मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९अ आहे, त्यानुसार १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त आणि कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज तालुका किंवा जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात करायचा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करायचा. मोफत वकील म्हणजे कामचुकार वकील ही समजूत पुसायची म्हणून २०२२पासून अनेक जिल्ह्यांत बचाव वकिलांची पूर्णवेळ कार्यालयं सुरू झाली. तिथले वकील पगारावर काम करतात आणि खासगी केसेस घेत नाहीत.

आता वकिलांकडे वळू, कारण ज्याला स्वतःला कुणी माणसासारखं वागवलं नाही त्यानं दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून घ्यावीत ही अपेक्षा जरा जास्तच आहे. सनद मिळालेली मुलं-मुली सिनिअरच्या ऑफिसात वर्षं-दोन वर्षं जवळजवळ फुकट राबतात. सकाळी फाइली लावायच्या, दिवसभर मुदतीचे अर्ज द्यायचे, संध्याकाळी झेरॉक्स आणि रात्री मसुदा. 'आम्हीही असंच शिकलो' हे उत्तर ठरलेलं. ज्याच्या घरी शेती किंवा बापाची वकिली आहे तो टिकतो, बाकीचे दुसरं काहीतरी बघतात. मग कोर्टात गरिबाच्या बाजूनं उभं राहायला गरिबाघरचे वकील उरत नाहीत. खून, बलात्कार, मुलांच्या ताब्याची भांडणं रोज वाचून झोप उडते, त्याबद्दल बार रूममध्ये बोलायची पद्धत नाही. तिथे चहा आणि राजकारण.

१५ ऑक्टोबर २०२४ला बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढून शहरी भागातल्या ज्युनिअरना महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. सक्ती केलेली नाही, कारण लहान गावातल्या अनेक सिनिअरांची स्वतःचीच कमाई बेताची असते, आणि ही अडचण खरी आहे. पण ज्यांच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत त्यांना परिपत्रकाची वाट बघायचं कारण नव्हतं.